वीर यशवंतराव घाडगे

लालबाग-परळच्या गिरण्यांचे भोंगे ज्या काळी पहाटे घुमत असत, त्या काळी कोकणातील आमच्या तरुणापुढे पोटासाठी मुख्यतः दोनच वाटा असत. एक धरमतरहून बोटीने मुंबईस येऊन गिरणीच्या साच्यापर्यंत जाणारी. दुसरी बेळगावास मराठा पलटणीच्या छावणीत जाणारी. एकाच घरातील थोरला भाऊ चाळीतील गावकीच्या खोलीवर वळकटी टाकी आणि धाकटा खाकी वर्दी अंगावर चढवी. दोघांच्या मनिऑर्डरींवर गावाकडील चूल पेटत असे. यांपैकी दुसरी वाट धरलेला एक तरुण आपल्या बाविसाव्या वर्षी परमुलुखात धारातीर्थी पडला. त्या वीराचे, यशवंतराव घाडगे यांचे, स्मरण या स्मरणिकेच्या पानांत करणे हे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

यशवंतरावांचा जन्म 16 नोव्हेंबर 1921 रोजी झाला. त्यांचे गाव माणगाव तालुक्यातील पळसगाव. जिल्हा तेव्हाचा कुलाबा, आजचा रायगड. डोंगरउताराची भातशेती आणि पावसावर भिस्त, अशा त्या मुलुखातून सैन्यात जाण्याची परंपरा जुनीच होती. यशवंतराव पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये दाखल झाले. या रेजिमेंटच्या सर्वांत जुन्या बटालियनची उभारणी 1768 साली मुंबईतच झाली होती, हे आम्हा मुंबईकरांनी विसरू नये. विशीच्या उंबरठ्यावर सैन्यात असलेला हा तरुण नाईक या हुद्द्यास पोहोचला आणि एका रायफल तुकडीची जबाबदारी त्याच्या खांद्यावर आली.

1944 साल उजाडले ते महायुद्धाच्या ऐन भरात. त्या वर्षीच्या 14 एप्रिलला मुंबई बंदरात दारूगोळ्याने भरलेल्या बोटीचा स्फोट होऊन सारे शहर हादरले होते. तिकडे इटलीत मे महिन्यात कॅसिनोचा मोर्चा फुटला, 4 जूनला रोम दोस्तांच्या हाती आले आणि जर्मन सेना उत्तरेकडे हटू लागली. मात्र हटताना ती प्रत्येक टेकडी आणि प्रत्येक वळण लढवीत होती. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातून पुढे सरकणाऱ्या दहाव्या हिंदी डिव्हिजनमध्ये यशवंतरावांची बटालियन होती.

10 जुलै 1944 रोजी त्यांच्या कंपनीने शत्रूच्या एका भक्कम मोर्च्यावर हल्ला चढविला. अगदी जवळून मशीनगनचा भडिमार सुरू झाला आणि यशवंतरावांच्या तुकडीतील एकूण एक शिपाई ठार अथवा जखमी झाला. उभे राहिले ते एकटे यशवंतराव. मागे फिरण्यास कोणी त्यांना दोष दिला नसता. परंतु क्षणाचाही विलंब न लावता ते त्या मशीनगनवर धावून गेले. हातबाँब फेकून त्यांनी ती तोफ आणि ती चालविणारा सैनिक निकामी केला. टॉमीगनने दुसऱ्यास टिपले. गोळ्या बदलण्यास उसंत नव्हती. तेव्हा बंदूक नळीकडून धरून त्यांनी उरलेल्या दोघांस दस्त्याच्या घावांनी लोळविले. मोर्चा हाती आला. पण दबा धरून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत घुसल्या, आणि जिंकलेल्या त्याच जागी त्यांनी देह ठेवला.

या पराक्रमाबद्दल त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. इटलीच्या रणभूमीवर असे एकूण 20 क्रॉस दिले गेले, त्यांपैकी 6 हिंदी सेनेतील वीरांचे होते. यशवंतरावांच्या पदकाचा स्वीकार व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते त्यांच्या तरुण पत्नीने केला. ज्या वयात संसाराची घडी बसावयाची, त्या वयात त्या माउलीच्या हाती ब्राँझचा एक क्रॉस आला. तो मान थोर खरा. पण त्याची किंमत त्या घरानेच जाणली.

परक्या सरकारच्या चाकरीत आलेल्या मरणाचा गौरव स्वतंत्र देशाने का करावा, असा प्रश्न कोणी विचारतात. तो टाळण्याचे कारण नाही. राज्य परक्यांचे होते, हे सत्यच आहे. आणि युद्ध पुकारताना हिंदुस्थानच्या जनतेस कोणी विचारले नव्हते, हेही सत्य आहे. परंतु यशवंतराव त्या क्षणी धावले ते कोणा बादशहाच्या सिंहासनासाठी नव्हे, तर डोळ्यांदेखत कोसळलेल्या आपल्या सोबत्यांसाठी, असे आम्हांस वाटते. सत्ता गेली, निशाण बदलले. सोबत्यांसाठी जीव देणाऱ्याचे मोल मात्र कोणत्याही राजवटीत उतरत नाही. दुसरे असे की, पदक एकास मिळाले, पण तुकडी सारीच कामी आली. यशवंतरावांस वंदन करताना त्या बाकीच्यांसही वंदन घडावे.

इटलीत त्यांची समाधी नाही. कॅसिनोच्या स्मारकावर, ज्यांच्या कबरी ठाऊक नाहीत अशा चार हजारांहून अधिक सैनिकांच्या नावांत त्यांचे नाव कोरलेले आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. आणि 2023 सालच्या जुलै महिन्यात, इटलीतील मोंतोने या गावाने त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारले. सर्वजण एकाच सूर्याखाली नांदतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यावर आहे. परक्या गावाने एकोणऐंशी वर्षांनी आठवण ठेवावी आणि आमच्या मुलांस हे नावही ठाऊक नसावे, ही गोष्ट ज्ञातीस भूषणावह नाही.

म्हणून समाजबांधवांस आमची एवढीच विनंती आहे की, दरवर्षी 10 जुलैस घरातील मुलांना जवळ बसवून ही कथा सांगावी. आणि आपापल्या घराण्यातून पलटणीत गेलेल्या व परत न आलेल्या पूर्वजांची नावे वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावीत. गिरण्यांचे भोंगे थांबले, चाळींच्या जागी मनोरे उभे राहिले. निदान ही नावे तरी आपल्या हातून पुसली जाऊ नयेत.