शेणाला मैल्याची जोड : आप्पासाहेब पटवर्धनांकडून शिकण्यासारखे

गोठ्यातली जनावरे कमी झाली, शेण पुरेना आणि बायोगॅसची शेगडी मंद पडली, ही तक्रार आज गावोगावी ऐकू येते. त्यावर घरचा संडास टाकीला जोडा असे सुचवले की बहुतेक घरांत एकच उत्तर मिळते : त्या गॅसवर स्वयंपाक कसा करायचा? ही अडचण टाकीची नसून मनाची आहे. ती दूर करण्यासाठी आयुष्यभर स्वतःच्या हातांनी काम केलेल्या माणसाची ओळख करून घेऊ.

प्राध्यापकी सोडून सफाईकडे

सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजेच आप्पासाहेब, यांचा जन्म 1894 साली रत्नागिरी जिल्ह्यात झाला. शिक्षणानंतर त्यांनी पुण्यात काही काळ प्राध्यापकी केली. पुढे गांधीजींच्या विचाराने ते साबरमती आश्रमाशी जोडले गेले आणि कोकणात परतून सेवाकार्यात रमले. 1930 च्या शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात ते पुढे होते. लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणू लागले.

1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मैलासफाईचे काम मागितले. त्या काळी हे काम ठरावीक जातीच्या कैद्यांवर लादले जाई. आप्पासाहेब ब्राह्मण म्हणून त्यांना ते नाकारण्यात आले. त्यांनी अन्न कमी केले, प्रकृती ढासळू लागली. डिसेंबरमध्ये गांधीजींनीही येरवड्यात त्यांच्यासाठी उपवास सुरू केला. सरकारने या प्रश्नाचा विचार करण्याचे मान्य केल्यावर तो थांबला. घाण करणारे सगळे आणि उचलणारा एकच, हा अन्याय आप्पासाहेबांना मान्य नव्हता.

गोपुरीतले मिश्रण

1948 मध्ये त्यांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम सुरू केला. तिथे मेलेल्या जनावरांची कातडी सोलणे, चामडे कमावणे आणि मैल्याचे खत करणे ही समाजाने हलकी ठरवलेली कामे त्यांनी प्रतिष्ठेने केली. मैल्यापासून होणाऱ्या खताला आपल्याकडे सोनखत म्हणतात. शेतकऱ्याला त्याची किंमत ठाऊक होती, पण हात लावायची तयारी नव्हती.

गोपुरी संडास हा त्यावरचा त्यांचा उपाय. त्यात शेजारी शेजारी दोन कप्पे असतात. एक वापरात असताना दुसऱ्यातला मैला माती आणि पालापाचोळ्याखाली कुजतो. पूर्ण कुजल्यावर हाती येते ते दुर्गंधी नसलेले खत. कच्चा मैला डोक्यावरून वाहण्याची गरजच उरत नाही.

इथे मिश्रणाचे मर्म लक्षात घ्या. मैल्यात नत्र भरपूर, पण कर्ब कमी. त्याचे कर्ब-नत्र गुणोत्तर साधारण 8 च्या आसपास असते. शेणाचे सुमारे 25, तर भाताच्या पेंढ्याचे 70 च्या घरात जाते. कुजवणाऱ्या जिवाणूंना 20 ते 30 मानवते. म्हणून नुसता मैला किंवा नुसता पेंढा नीट कुजत नाही. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. उघड्यावर किंवा कप्प्यात कुजवले तर खत मिळते, हवाबंद टाकीत कुजवले तर खताबरोबर गॅसही मिळतो. आप्पासाहेबांनी पुढे संडास बायोगॅसला जोडण्याकडेही लक्ष दिले.

1971 साली त्यांचे निधन झाले, काम मात्र थांबले नाही. देहू येथील डॉ. मापुसकर यांनी त्यांच्याकडून प्रेरणा घेऊन संडास आणि बायोगॅसच्या जोडणीवर अनेक वर्षे काम केले. देहूतल्या संस्थेला आप्पा पटवर्धनांचेच नाव आहे.

तुमच्या टाकीसाठी हिशेब

2 घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे 50 किलो ताजे शेण लागते. तीन जनावरांचे 30 किलो शेण मिळत असेल, तर गॅस साधारण 1.2 घनमीटर होईल. पाच माणसांचा संडास जोडल्यास त्यात रोज 0.12 ते 0.15 घनमीटरची भर पडते. म्हणजे नुसत्या संडासावर चूल चालणार नाही, पण शेणाला त्याची चांगली जोड होते. उरलेली तूट भाजीचे देठ, उष्टे-खरकटे आणि बारीक केलेला हिरवा पाला यांनी काही अंशी भरता येते.

मिश्रण करताना एवढे सांभाळा :

- ताजे शेण आणि पाणी समप्रमाणात कालवा. संडासात पाणी बेताचेच वापरा. जास्त पाण्याने माल कुजण्याआधीच टाकीबाहेर पडतो.
- जोडलेल्या संडासात फिनेल किंवा ॲसिड टाकू नका. त्याने टाकीतले जिवाणू मरतात.
- खरकटे थोडे थोडे वाढवत न्या. एकदम घातल्यास टाकी आंबते. आंबट वास आला किंवा ज्योत मंदावली, तर काही दिवस भरणा थांबवा आणि मग शेणापासून पुन्हा सुरुवात करा.
- पेंढा अख्खा घालू नका. तो तरंगून वर साय धरतो. बारीक कापून, भिजवून, थोडाच घाला.
- कोंबडी खतात नत्र जास्त असते. ते शेणात मिसळूनच वापरा.
- संडास जोडलेल्या टाकीची स्लरी हाताने हाताळू नका. पालापाचोळ्यात मुरवून पूर्ण कुजल्यावरच शेतात वापरा. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना ती देऊ नका.
- टाकीत उतरून सफाई कधीही करू नका, कोणाला उतरवूही नका. आतल्या वायूने माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो.

विस्तार कार्यकर्त्यांना एक सूचना. संडास जोडण्याची गोष्ट आधी घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीशी बोला. जमल्यास चालू असलेले संयंत्र दाखवून तिथेच चहा करून प्या. शेगडीपर्यंत येतो तो फक्त वायू, मैला नव्हे, हे डोळ्यांनी पाहिले की शंका फिटते. आप्पासाहेबांचीही रीत हीच होती. आधी स्वतः केले, मग लोकांना सांगितले.