बहिष्कृत तत्त्ववेत्ता बारूख स्पिनोझा

आपल्या ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा ते काम संपादक मंडळाने आमच्याकडे सोपविले, तेव्हा आम्ही हॉलंड देशातील एका ज्यू तत्त्ववेत्त्याचे नाव सुचविले. परक्या देशातील व परक्या धर्मातील या गृहस्थाशी आपला संबंध काय, असा प्रश्न काही वडीलधाऱ्या मंडळींनी केला. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर अखेरीस देऊ. आधी चरित्र पाहू.

बारूख स्पिनोझाचा जन्म २४ नोव्हेंबर १६३२ रोजी ॲमस्टरडॅम शहरी झाला. त्याचे पूर्वज पोर्तुगालमधील ज्यू. त्या देशात ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले होते, आणि घरात गुप्तपणे जुना धर्म पाळणाऱ्यांना इन्क्विझिशन नावाचे धर्मन्यायालय पकडून नेई. कित्येकांना जिवंत जाळण्यात आले. त्या जाचातून सुटून हे लोक हॉलंडच्या आश्रयास आले. स्पिनोझाचे वडील मिखाएल हे प्रतिष्ठित व्यापारी होते. मुलगा समाजाच्या पाठशाळेत हिब्रू भाषा व धर्मग्रंथ शिकला. १६५४ साली वडील वारल्यावर त्याने भावासह पेढी चालविली. परंतु त्याचे चित्त व्यापारापेक्षा नव्या तत्त्वज्ञानात अधिक रमू लागले. धर्मग्रंथांविषयी तो प्रश्न विचारू लागला.

२७ जुलै १६५६ रोजी समाजाच्या पंचांनी त्याला वाळीत टाकले. तेव्हा त्याचे वय अवघे २३ वर्षांचे होते. ठराव प्रार्थनामंदिरात वाचण्यात आला. त्याच्याशी कोणी बोलू नये, पत्रव्यवहार करू नये, त्याला साह्य करू नये, एका छपराखाली राहू नये, त्याच्या चार हातांच्या आत जाऊ नये आणि त्याने लिहिलेले काहीही वाचू नये, अशी त्यातील कलमे होती.

शेवटचे कलम वाचून आम्ही थबकलो. त्या दिवसापर्यंत स्पिनोझाचे एक पानही छापले गेले नव्हते. शिवाय त्याची निंद्य मते नेमकी कोणती, याचा त्या ठरावात कोठेही खुलासा नाही. मते वाईट आहेत एवढे लोकांना कळावे, परंतु ती कोणती हे कळू नये, अशी ती व्यवस्था होती.

तथापि त्या पंचांना दुष्ट म्हणणे अन्यायाचे होईल. ती निर्वासित मंडळी ख्रिस्ती सत्तेच्या आश्रयाने राहत होती. आपल्यात नास्तिक निपजतात असा बोभाटा झाला, तर आश्रय जाईल ही धास्ती त्यांना होती. पिढ्यान् पिढ्या सक्तीच्या धर्मांतरात काढलेले लोक आपला धर्म नव्याने शिकत होते. त्यांची एकी मोडू नये असे पुढाऱ्यांस वाटणे स्वाभाविक होते. त्यांचे भय खरे होते. परंतु ज्यांच्या वाडवडिलांनी विचारांवरील पहारा सोसला, त्यांनीच आपल्या मुलावर पहारा बसविला, हेही तितकेच खरे आहे.

स्पिनोझाने शहर सोडले. रेन्सबुर्ग, फोरबुर्ग व अखेर हेग येथे तो राहिला. दुर्बिणीची व सूक्ष्मदर्शकाची भिंगे घासणे हा त्याचा व्यवसाय. राहणी अत्यंत साधी. १६७० साली त्याने धर्म व राज्यव्यवस्था यांवरील मोठा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यावर लेखकाचे नाव नव्हते आणि छपाईचे गाव खोटे घातले होते. धर्मग्रंथ कोणी, कोणत्या काळी व कोणत्या भाषेत लिहिले हे तपासूनच त्यांचा अर्थ लावावा, असे त्याने त्यात प्रतिपादन केले. विचार व भाषण यांचे स्वातंत्र्य दिल्याने धर्म किंवा राज्य बुडत नाही, उलट ते हिरावल्यानेच दोहोंस धोका पोहोचतो, हे त्याचे मुख्य सांगणे. १६७४ साली हॉलंडच्या प्रॉटेस्टंट सत्तेने त्या ग्रंथावर बंदी घातली. १६७९ साली रोमच्या धर्मपीठाने तो निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घातला. एरवी ज्यांचे एकमेकांशी पटत नसे, त्या तिन्ही धर्मसत्तांचे या एका बाबतीत एकमत झाले!

स्पिनोझाही भयापासून सर्वस्वी मुक्त नव्हता. सामान्य जनांनी आपला ग्रंथ न वाचलेलाच बरा, असे त्याने प्रस्तावनेत सुचविले आणि १६७१ साली त्याचे डच भाषांतर थांबविण्याची मित्राला विनंती केली. वाचकावर पूर्ण विश्वास टाकणे त्यालाही साधले नाही. १६७३ साली हायडेलबर्ग विद्यापीठाने त्याला अध्यापकाची जागा देऊ केली. प्रस्थापित धर्मास धक्का लागू नये एवढीच अपेक्षा होती. परंतु ती मर्यादा कोठे संपते हे कळणार नाही, म्हणून त्याने नम्रपणे नकार दिला.

२१ फेब्रुवारी १६७७ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी, हेग येथे त्याचे निधन झाले. त्याच्या संग्रही सुमारे १६० पुस्तके निघाली. त्यांत हिब्रू बायबले व ज्यू आचार्यांचे ग्रंथही होते. ज्या समाजाने त्याची अक्षरे वाचण्यास मनाई केली, त्या समाजाची पुस्तके त्याने शेवटपर्यंत जवळ ठेवली. नीतिशास्त्रावरील त्याचा प्रमुख ग्रंथ मृत्यूनंतर छापला गेला. त्याची एक हस्तलिखित प्रत कॅथलिक पंथात गेलेल्या एका जुन्या परिचिताने दोषारोपासह रोमच्या धर्मन्यायालयाच्या हवाली केली होती. त्या ग्रंथाची उपलब्ध असलेली ती एकमेव हस्तलिखित प्रत २०१० साली व्हॅटिकनच्या ग्रंथालयातच सापडली.

आता वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाकडे वळू. काही वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या वाचनालयात एक पुस्तक आले. त्यात आपल्या ज्ञातीच्या आचारधर्मावर, विशेषतः विधवांना मिळालेल्या वागणुकीवर, कडक टीका होती. ते कपाटातून काढावे असा ठराव कार्यकारिणीत आला आणि एकमताने संमत झाला. ३६ वर्षे मुलांना वाचावयास शिकविणाऱ्या आम्हीही हात वर केला. ते पुस्तक आम्ही वाचलेले नव्हते. बैठकीत कोणीच वाचलेले नव्हते.

पुढे ते अन्यत्र मिळवून आम्ही वाचले. काही पाने अन्यायाची आहेत. काही वाचताना मात्र आमच्या वडिलांची आत्या डोळ्यांपुढे आली. केशवपन झालेली ती बाई जन्मभर माजघराच्या कोपऱ्यात बसून असे. आम्ही लहानपणी ते पाहिले होते, आणि पुस्तकाला खोटे ठरविण्यासाठी हात वर करताना विसरलो होतो.

ज्ञातीने वा पंथाने मुलांना काय शिकवावे हे अवश्य ठरवावे. टीकेस उत्तरही द्यावे. परंतु प्रौढ माणसाने काय वाचू नये हे ठरविण्याचा अधिकार कोणत्याही मंडळास नसावा. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१७ पासून अमलात आहे. कपाटाच्या किल्ल्या मात्र आपल्याच हाती आहेत. येत्या वार्षिक सभेत ते पुस्तक पुन्हा वाचनालयात ठेवावे, आणि ज्यांना ते अन्यायाचे वाटते त्यांनी आपले उत्तर लिहून त्याच्या शेजारी ठेवावे, असा ठराव आम्ही मांडणार आहोत. बंधुभगिनींनी दोन्ही वाचून आपले मत बनवावे, एवढी नम्र विनंती करून लेखणी खाली ठेवतो.