तुकोबांची खते आणि थकलेली बिले

उधारीवाचून व्यापार चालत नाही आणि वसुलीवाचून उधारी चालत नाही. तरीही लहान व्यावसायिकाने आपल्या हक्काचे पैसे मागितले, की तो हावरा ठरतो; आणि कर्जखते इंद्रायणीत बुडविणाऱ्या तुकोबांचे औदार्य मात्र आपण डोक्यावर घेतो. या उदाहरणाचा अर्थ अर्थव्यवहाराच्या अंगाने तपासून पाहण्यासारखा आहे. कारण तुकाराम बोल्होबा अंबिले हे संत म्हणून ओळखले जाण्यापूर्वी देहूचे दुकानदार आणि सावकार होते.

सामान्यतः त्यांचा जन्म 1608 सालचा मानला जातो. घराण्याकडे देहूची महाजनकी होती. शेती, दुकान आणि सावकारी असा तिहेरी व्यवसाय होता. थोरले बंधू सावजी विरक्त वृत्तीचे असल्यामुळे प्रपंचाचा भार लहान वयातच तुकोबांवर आला. पुढे आईवडील निवर्तले, तरी घडी विस्कटली नव्हती. ती विस्कटली 1630 च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळाने.

गावच्या दुकानदाराची उधारी सुगीवर अवलंबून असते. तो पेठेतून माल आणतो, कुळांना वर्षभर देतो आणि पीक हाती आले की वसूल करतो. शहरातील व्यापाऱ्याचे एक गिऱ्हाईक बुडाले तर दुसरे तारते. परंतु कोरडवाहू गावात सर्व गिऱ्हाइकांचे भवितव्य एकाच पावसावर टांगलेले असते. पाऊस गेला की सारी येणी एकदम बुडतात, देणी मात्र उभीच राहतात. तुकोबांचे दिवाळे निघाले ते याच रीतीने. द्रव्य गेले, पत गेली, आणि पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेल्या.

त्यानंतरही त्यांनी व्यापार करून पाहिला. अठराव्या शतकातील चरित्रकार महिपती यांनी त्याच्या अनेक आख्यायिका सांगितल्या आहेत. पुण्याच्या गुळवे घराण्यातून आलेल्या दुसऱ्या पत्नी जिजाई यांनी स्वतःच्या नावावर 200 रुपये कर्ज काढून दिले. तुकोबांनी त्यावर नफाही मिळविला, पण परतताना सारी रक्कम एका कर्जपीडित माणसाला देऊन टाकली. दुसऱ्या एका कथेत ते कोकणात मिरची विकावयास गेले असता लोकांनी माल उधार नेला, आणि अखेर प्रत्यक्ष पांडुरंगाने दारोदार फिरून ती बाकी वसूल केली. या कथांतील चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट लक्षात येते. भाविक कथाकारालाही गिऱ्हाइकांची उधारी तशीच सोडून द्यावीशी वाटली नाही.

अखेर वडिलोपार्जित खते बुडविण्याचा प्रसंग आला. धाकटे बंधू कान्होबा यांनी त्याला हरकत घेतली. तेव्हा तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले, कान्होबांचा वाटा त्यांच्या हवाली केला आणि केवळ आपला वाटा इंद्रायणीत सोडला, असे परंपरा सांगते. या कृतीतील मर्यादा आपण विसरतो. ज्यांचे येणे सोडले, ती दुष्काळाने नागविलेली कुळे होती. जे सोडले, ते स्वतःचे होते. भावाच्या हक्काला त्यांनी हात लावला नाही. आणि येणे कागदावर नोंदलेले होते, म्हणूनच त्याचा त्याग करता आला.

देहूपासून काही कोसांवर असलेल्या भोसरी, चाकण परिसरात आज असंख्य लहान कारखाने आहेत. त्यांची बिले थकविणारे ग्राहक सगळेच दुष्काळग्रस्त नसतात. अनेकदा ते पुरवठादारापेक्षा कितीतरी सधन असतात. ते लहान कारखानदाराच्या पैशावर आपले खेळते भांडवल बिनव्याजी चालवितात, आणि त्याला कामगारांच्या पगारासाठी बँकेचे व्याज भरावे लागते. म्हणजे येथे गरीब सावकार होतो आणि श्रीमंत कूळ!

कायदा या बाबतीत मुका नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाने सूक्ष्म व लघु पुरवठादाराला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसल्यास 15 दिवसांत पैसे मिळावेत असे ठरविले. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाची तरतूद केली. 2023 च्या वित्त अधिनियमाने मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरासाठी खर्च म्हणून धरता येणार नाही, असेही केले. परंतु तक्रार करणाऱ्याला पुढची ऑर्डर मिळेल का, ही भीती कायद्याने जात नाही.

म्हणून प्रारंभ कागदापासून व्हावयास हवा. ऑर्डर लेखी घ्यावी, पैसे देण्याची तारीख आणि विलंबाचे व्याज बिलावर छापावे, माल पोचल्याची सही घ्यावी, एकाच ग्राहकाकडे सारी उधारी अडकू देऊ नये आणि तारीख उलटताच स्मरणपत्र धाडावे. यात संकोच वाटण्याचे कारण नाही. येणे सोडून देण्याचा अधिकार केवळ धनकोचा आहे. तुकोबांनी तो वापरला, म्हणून त्याला त्याग म्हणतात. ऐपत असलेल्या ऋणकोने तो परस्पर वापरला, तर त्याला बुडवेगिरी हाच शब्द आहे.