डार्विन आणि तृणांकुर

चार्ल्स डार्विन (१८०९–१८८२) यांचे नाव आपल्याकडे उत्क्रांतिवादाशीच निगडित झाले आहे. 'बीगल' जहाजावरील प्रवास (१८३१–३६) आणि १८५९ मधील युगप्रवर्तक ग्रंथ यांच्या तेजापुढे त्यांच्या चरित्राचा उत्तरार्ध झाकोळून जातो. १८४२ पासून डाउन या खेड्यात राहिलेले, प्रकृतीने क्षीण असे हे गृहस्थ उतारवयात मुख्यतः वनस्पतींमध्ये रमले होते.

पुत्र फ्रान्सिस यांच्या साहाय्याने त्यांनी गवताच्या कोवळ्या अंकुरांवर प्रयोग केले. अंकुराच्या टोकावर पातळ पत्र्याची टोपी घातली की एका बाजूने उजेड येऊनही तो वाकत नसे. टोक मोकळे ठेवून खालचा भाग वाळूने झाकला तरी वाकत असे. उजेडाची जाणीव टोकाला होते आणि तेथून काही प्रभाव खाली उतरतो, हा निष्कर्ष त्यांनी १८८० मध्ये वनस्पतींच्या हालचालींवरील ग्रंथात मांडला.

जर्मनीतील मान्यवर वनस्पतिशास्त्रज्ञ यूलिउस झाक्स यांनी हे काम अकुशल ठरवले. फ्रान्सिस त्यांच्याच प्रयोगशाळेत शिकून आले होते. त्यामुळे हा प्रहार घरापर्यंत पोचला. वादाचा निकाल लागण्यापूर्वीच, १९ एप्रिल १८८२ रोजी, डार्विन निवर्तले.

निकाल विसाव्या शतकाने दिला. १९२० नंतरच्या दशकात हॉलंडमध्ये फ्रिट्स वेंट यांनी ओटच्या अंकुराच्या टोकातून उतरणारे वृद्धिसंप्रेरक पकडून दाखवले, तेच ऑक्सिन. १९९८ मध्ये ते पेशीबाहेर नेणारी 'पिन' प्रथिने ओळखली गेली. २००१ मध्ये असे दिसून आले, की ही प्रथिने पेशीच्या पटलावर कायमची रोवलेली नसतात. सूक्ष्म पुटिका त्यांना आत ओढून घेतात व पुन्हा पटलावर पोचवतात. ती पेशीच्या ज्या बाजूस अधिक साठतात, तिकडे ऑक्सिन वाहते. उजेड एकीकडून आला की त्यांची मांडणी बदलते, सावलीकडील पेशी अधिक लांबतात आणि अंकुर उजेडाकडे झुकतो.

तंजावरी मराठी कुटुंबे जेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली, त्या कुंभकोणम् परिसरातील कावेरीकाठचे भातही तृणकुळातीलच. त्याचा कोंबही उजेडाकडे वळतो. डार्विन यांना त्या प्रभावाचे नाव ठाऊक नव्हते, त्याची वाट दिसली नव्हती. परंतु त्याचे अस्तित्व त्यांनी घरच्या साध्या साधनांनी सिद्ध केले होते. उत्क्रांतीच्या गदारोळात त्यांच्या चरित्रकारांनी हा अध्याय गाळू नये.