सोलापूरचे डॉ. कोटणीस

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वैद्यकीय शिक्षण मुंबईत झाले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला डॉक्टर पाठवण्याचे काँग्रेसने ठरवले, तेव्हा पुढच्या शिक्षणाचा विचार बाजूला ठेवून त्यांनी आपले नाव दिले. सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून निघाले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते.

चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली. घरी परतायला कारण होते, पुढे तिघे सोबती परतलेही. कोटणीस मात्र थांबले. चिनी भाषा शिकले, त्याच भाषेतून विद्यार्थ्यांना शिकवू लागले. अपुऱ्या साधनांनिशी त्यांनी रात्रंदिवस जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. १९४१ मध्ये डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. त्याच वर्षी परिचारिका क्वो चिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुलाचे नाव ठेवले इनहुआ. ‘इन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन.

अपस्माराचे झटके येत असूनही त्यांनी काम सोडले नाही. त्याच आजाराने ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे ३२. बाळ चार महिन्यांचेही नव्हते.

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला आणि स्वतः कोटणीसांची भूमिका केली. डॉक्टरांची समाधी चीनमधील शिच्याच्वांग येथे आहे. पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात नांदणाऱ्या आपल्या मंडळींनी मुलांना आवर्जून सांगावे, असे हे चरित्र आहे.