'स्कुकुझा' : क्रुगरच्या जंगलाचा आद्य रक्षक

दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर राष्ट्रीय उद्यानाचे मुख्य ठाणे 'स्कुकुझा' या नावाने ओळखले जाते. स्थानिक बोलीत या शब्दाचा अर्थ 'सारे झाडून साफ करणारा'. हे नाव मुळात एका माणसाला मिळाले होते. तो माणूस म्हणजे उद्यानाचे पहिले मुख्य रक्षक जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन.

२ ऑक्टोबर १८६७ रोजी डब्लिन येथे जन्मलेले हॅमिल्टन हे स्कॉटिश जमीनदार घराण्यातील घोडदळ अधिकारी होते. बोअर युद्ध संपल्यावर १९०२ मध्ये ब्रिटिश प्रशासनाने त्यांच्यावर साबी राखीव क्षेत्राची जबाबदारी सोपविली. अध्यक्ष पॉल क्रुगर यांच्या सरकारने १८९८ मध्ये हे क्षेत्र वन्यप्राण्यांसाठी राखून ठेवले होते. मात्र बेसुमार शिकारीमुळे तेथे प्राणी फारसे उरले नव्हते.

हाताशी मोजके गोरे रेंजर आणि आफ्रिकी पहारेकरी घेऊन हॅमिल्टन यांनी शिकारबंदी अमलात आणली. काम जोखमीचे होते. १९०३ मध्ये गस्तीवरील रेंजर हॅरी वोल्हुटर यांना सिंहाने फरफटत नेले. कमरेच्या सुरीने सिंहाला भोसकून त्यांनी प्राण वाचविले.

या संरक्षणाची किंमत इतरांनीही मोजली. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या आफ्रिकी कुटुंबांना हॅमिल्टन यांनी राखीव क्षेत्राबाहेर काढले. 'स्कुकुझा' या नावामागे ही कटू आठवणही आहे.

हरणे वाढावीत म्हणून सुरुवातीला सिंह, रानकुत्रे यांना सर्रास मारले जाई. अनुभवाअंती हॅमिल्टन यांचे मत बदलले. निसर्गाचा समतोल राखण्यासाठी हिंस्र प्राण्यांचीही गरज असते, अशी भूमिका त्यांनी टीका सोसून मांडली.

कुरणांसाठी मेंढपाळ, खनिजांसाठी खाणमालक आणि शेतीसाठी जमीनदार कंपन्या या क्षेत्रावर डोळा ठेवून होत्या. कायद्याचे कायमचे कवच नसेल तर जंगल टिकणार नाही, हे ओळखून हॅमिल्टन यांनी राष्ट्रीय उद्यानाचा आग्रह धरला. अखेर ३१ मे १९२६ रोजी राष्ट्रीय उद्यान कायदा संमत झाला आणि क्रुगर उद्यान अस्तित्वात आले. पुढच्याच वर्षी पर्यटकांच्या पहिल्या मोटारी आत शिरल्या.

१९४६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते निवृत्त झाले. १० डिसेंबर १९५७ रोजी त्यांचे निधन झाले. आज हे उद्यान सुमारे १९,५०० चौरस किलोमीटरवर पसरले आहे.