फुकट खाऊ घालणारा शेठ : फ्रान्स्वा ब्लां

आखाजी आली की आपल्या खान्देशात दोन गोष्टी हमखास दिसतात. झाडाला झोके आणि ओट्यावर पत्त्यांचे डाव! त्यामुळे जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला जुगार म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. पण ओट्यावरच्या डावात एक गोष्ट असते. तिथे बसलेला प्रत्येक जण हरू शकतो आणि कोणी कोणाला फुकट काही देत नाही.

आता असा एक अड्डा डोळ्यासमोर आणा, जिथे खेळायला येणाऱ्यांसाठी मालक बागा लावतो, वाद्यवृंद ठेवतो, थिएटर बांधतो, आणि एखादा हरून कफल्लक झाला तर त्याला घरी जायचं तिकीटही काढून देतो. आणि एवढं सगळं करून तो मालकच कोट्यधीश होतो! मित्रांनो, ही कल्पना नाही. असा माणूस खरोखर होऊन गेला. त्याचं नाव फ्रान्स्वा ब्लां. आज जगभरच्या कॅसिनोत मोठ्या खेळाडूंना ज्या सवलती मिळतात, त्यामागचं गणित समजून घ्यायचं तर या माणसाचं आयुष्य बघायला हवं.

ब्लांचा जन्म १८०६ साली दक्षिण फ्रान्समधल्या कूर्तेझों या गावी झाला. लुई नावाचा जुळा भाऊ होता. घरची श्रीमंती वगैरे काही नव्हती. दोघं भाऊ पैसा कमवायला बाहेर पडले आणि फिरत फिरत बोर्दो शहरात येऊन शेअर बाजारात सौदे करू लागले.

इथे जे घडलं ते आपल्या ईएनटीसी आणि कॉम्प्युटरच्या पोरांनी नीट वाचावं. त्या काळी पॅरिसच्या बाजारातला भाव बोर्दोला टपालगाडीने कळायचा आणि त्यात काही दिवस जायचे. सरकारकडे मात्र एक जलद साधन होतं. डोंगरा-टेकड्यांवर मनोरे आणि त्यावर हलणारे लाकडी हात. एका मनोऱ्याची खूण दुसऱ्याने बघायची आणि पुढे द्यायची. हा दृश्य टेलिग्राफ फक्त सरकारी कामासाठी होता. ब्लां बंधूंनी तूर या ठाण्यावरच्या कर्मचाऱ्यांना पैसे चारले. पॅरिसचा भाव वर गेला की खाली आला हे एक माणूस तूरला पार्सलच्या खुणेने कळवायचा. तूरचा ऑपरेटर सरकारी संदेशात मुद्दाम एक चुकीची खूण घालायचा. चूक म्हणून ती पुढे दुरुस्त व्हायची, पण बोर्दोजवळचा मनोरा बघत बसलेल्या ब्लांच्या माणसाला जे कळायचं ते कळलेलं असायचं. १८३४ ते १८३६ अशी दोन वर्षं हे चाललं. आजच्या भाषेत नेटवर्क हॅकिंगच!

१८३६ मध्ये भांडं फुटलं, १८३७ मध्ये तूरला खटला चालला. पण गंमत अशी, की खासगी संदेश टेलिग्राफने पाठवू नये असा कायदाच तेव्हा नव्हता. दोघे भाऊ सुटले. फ्रान्स सरकारने मग घाईघाईने तसा कायदा केला. ब्लां मात्र एक धडा शिकून बाहेर पडला. नशिबावर पैसा लावायचा नाही, आकडा आधी आपल्या हातात पाहिजे.

१८३७ च्या ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री फ्रान्समधले जुगाराचे अड्डे कायद्याने बंद झाले. शौकीन लोक सीमेपलीकडे जाणार हे उघड होतं. ब्लां बंधूंनी जर्मनीतल्या होम्बुर्ग या लहानशा संस्थानात परवाना मिळवला. तिथला राजा कर्जात होता, गावात औषधी पाण्याचे झरे होते. १८४३ मध्ये तिथे त्यांची भव्य इमारत उघडली.

ब्लांची खरी हुशारी इथे दिसली. तेव्हाच्या रूलेटमध्ये १ ते ३६ आकडे आणि दोन शून्यं असायची, म्हणजे ३८ घरं. आकडा लागला तर मूळ रकमेसह ३६ पट मिळायचे. दोन घरांचा फरक हा मालकाचा फायदा, शेकडा ५.२६. ब्लांने एक शून्य काढून टाकलं! घरं ३७, फायदा फक्त शेकडा २.७०. नफा निम्मा करणारा हा शेठ वेडा आहे असं कोणालाही वाटेल. पण खेळणाऱ्याचे पैसे हळू संपू लागले, त्यामुळे तो जास्त वेळ बसू लागला, दुसऱ्या दिवशी परत येऊ लागला, आणि शेजारच्या गावचे खेळाडूही इकडे वळले. दर कमी, उलाढाल प्रचंड. आपल्या मार्केट यार्डातला कोणताही व्यापारी हे गणित सांगेल.

माणसं जास्त वेळ बसावीत म्हणूनच बाकीचा थाट होता. वाचनालय, बागा, संगीत, मोठमोठ्या गायिकांचे कार्यक्रम. जिंकणाऱ्यांचंही तो कौतुकच करायचा. १८६० मध्ये गार्सिया नावाचा स्पॅनिश माणूस तिथे लाखो फ्रँक जिंकला. त्याची कीर्ती ऐकून आणखी लोक आले. गार्सिया स्वतःही पुन्हा आला आणि सगळं घालवून बसला.

पुढे १८६३ मध्ये ब्लांने मोनाकोच्या जुगाराचा परवाना १७ लाख फ्रँकला विकत घेतला. मोनाकोची अवस्था तेव्हा बिकट होती. १८६१ मध्ये मेंतों आणि रोकब्रून ही दोन गावं फ्रान्सकडे गेल्याने राज्याचा बहुतेक भाग गेला होता. कॅसिनो होता, पण तिथे पोहोचायला धड रस्ता नव्हता. ब्लांने १८६४ मध्ये ओतेल द पारी हे आलिशान हॉटेल उघडलं. ज्या खडकाळ जागेवर कॅसिनो होता तिला राजाच्या, म्हणजे तिसऱ्या चार्ल्सच्या नावावरून १८६६ मध्ये मॉन्टे कार्लो हे नाव मिळालं. १८६८ मध्ये रेल्वे आली आणि माणसांचा लोंढा सुरू झाला. १८६९ मध्ये राजाने प्रजेचे कर माफ करून टाकले, कारण आता खजिना जुगारी लोक भरत होते. मात्र मोनाकोच्या स्वतःच्या प्रजेला त्या कॅसिनोत खेळायला बंदी होती. यातच सगळं आलं, नाही का?

हरलेल्याला घरी जायला तिकीट आणि थोडे पैसे देण्याची पद्धत मॉन्टे कार्लोला प्रसिद्ध होती. घेतलेले पैसे फेडेपर्यंत त्याला पुन्हा आत प्रवेश नसे. ही दया होती का? थोडी असेलही. पण सगळं हरलेल्या माणसांच्या आत्महत्या हा कॅसिनोवरचा मोठा डाग होता, आणि असा माणूस गावात राहण्यापेक्षा गाडीत बसलेला बरा, हा हिशेब त्यात होताच. बातम्या दबाव्यात म्हणून वर्तमानपत्रांनाही पैसे जात.

१८७२ च्या अखेरीस प्रशियाने होम्बुर्गचा जुगार बंद केला, तेव्हा ब्लांचं बस्तान मोनाकोत पक्कं बसलेलं होतं. पॅरिसचं प्रसिद्ध ऑपेरा हाउस पैशाअभावी अडकलं, तेव्हा १८७४ मध्ये त्याने लाखो फ्रँक कर्ज दिलं. लाल रंग लागो की काळा, शेवटी पांढराच जिंकतो, असा विनोद लोक करत. कारण फ्रेंच भाषेत ब्लां म्हणजे पांढरा! रूलेटवरच्या सगळ्या आकड्यांची बेरीज ६६६ येते, म्हणून त्याने सैतानाला आत्मा विकला अशी अफवाही होती. (बेरीज करून बघा, बरोबर आहे.) २७ जुलै १८७७ ला स्वित्झर्लंडमध्ये तो वारला. त्याच्या मुली राजघराण्यांत गेल्या. नात मारी बोनापार्त पुढे मानसोपचारतज्ज्ञ झाली आणि १९३८ मध्ये सिग्मंड फ्रॉइडला नाझींच्या ताब्यातल्या व्हिएन्नातून बाहेर काढायला तिने मदत केली.

ब्लां गेला, त्याचं गणित राहिलं. आज मोठ्या कॅसिनोत बड्या खेळाडूला खोली, जेवण, कधी विमानाचं तिकीटही मिळतं. हे कशावर ठरतं? तो जिंकला की हरला यावर नाही. समजा एक जण दर वेळी १०,००० रुपये लावतो, तासाला ४० डाव, असे ४ तास. उलाढाल झाली १६ लाख. त्याला ३७ ने भागा. सुमारे ४३ हजार ही त्याची अपेक्षित हार. एखाद्या रात्री तो जिंकेलही, पण असे हजार खेळाडू धरले की सरासरी तिथेच येते. त्यातले दहा-बारा हजार खोलीच्या आणि जेवणाच्या रूपाने परत दिले तरी शेठचं काय गेलं? फुकट जेवणाचं बिल खेळणाऱ्यानेच भरलेलं असतं.

आपल्या महाराष्ट्रात कॅसिनोसाठी १९७६ साली कायदा झाला होता. तो कधी अमलात आला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द झाला. पण गोव्याच्या कायद्यात १९९६ मध्ये दुरुस्ती झाली आणि पुढे मांडवी नदीत कॅसिनोची जहाजं आली. गोव्याच्या ट्रिपला गेलेली पोरं तिकिटातच जेवण आणि पिणं आहे म्हणून खूश होऊन चढतात. मोबाइलवरच्या रमीचा जॉइनिंग बोनस ही त्याच घरातली गोष्ट होती. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. पण तोवर किती जणांची मेसची आणि फीची रक्कम त्यात गेली, हे प्रत्येक होस्टेलला ठाऊक आहे. ती रक्कम कोणाच्या बापाने कापूस विकून, कोणाच्या बापाने केळीची पट्टी आल्यावर भरलेली असते.

मॅथ्सच्या पेपरला आपण प्रोबॅबिलिटीची गणितं मार्कांसाठी सोडवतो. ब्लां कोणत्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेला नव्हता, पण त्याने हे एकच गणित आयुष्यभर सोडवलं आणि समोरच्याला ते सोडवायची सवड मिळू दिली नाही. म्हणून कोणी फुकट काही देऊ लागलं की आधी कॅल्क्युलेटर काढा. आपल्याला तो वापरता येतो.